असईच्या लढाईतली सोयरीक

जालना,
४ जानेवारी २०२६

दाजींना तातेरावचा रामराम.

डोळ्याचं ऑपरेशन बराबर झालं हे राधेश्याम टेम्पोवाल्याकडून कळलं. तुम्ही सांगितलं तसं फोन न करता पत्रच लिहून राह्यलो. फोनवर तुम्ही बोलता तेव्हा अर्धं कुंभार पिंपळगाव ऐकतं, आणि मोनिका तर घरातच. पत्र राधेश्यामच्या टेम्पोत किराणा मालाबरोबर येईल, अक्का वाचून दाखवील.

आता कामाचं. दिवाळीत जे मोनिकाला बघून, पोहे खाऊन गेले त्या स्थळाची चौकशी करायला तुम्ही मला इथं पाठवलं, आणि सांगितलं की खोट काढ, म्हणजे आष्टीच्या त्रिंबकरावांच्या सोमेश्वरला होकार द्यायला आपण मोकळे. तर खोट सापडली. इतक्या जल्दी सापडंल असं मलाही वाटलं नव्हतं.

मुलगा सुग्रीव. एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कंपनीत आहे, बियाणं उगवतं का न्हाई ते तपासतो. दिसायला बरा, बोलायला कमी. पण कामावरून सुटला की घरी जात न्हाई. श्रेणिकशेठ म्हणून एक बियाण्याचे मारवाडी व्यापारी आहेत, त्यांच्या दुकानाच्या माडीवर जातो. मी मागं मागं गेलो. वर एक मोठं टेबल, भोवती चांगल्या घरची माणसं, आणि दाजी, हातात फासे. एक जण फासे टाकतो, बाकीचे श्वास धरून बघतात, मंग कुणी कपाळाला हात लावतो, कुणी टाळ्या वाजवतो. पैसे मला दिसले न्हाई, पण जुगाऱ्यांचे पैसे कधी दिसतात का. टेबलावर अर्ध्या बोटाएवढे रंगवलेले सैनिक मांडले होते, ते बहुतेक पोलीस आले तर दाखवायला.

मी दारात उभा राहून बघत होतो तर श्रेणिकशेठनं विचारलं, काका, शोसाठी आलात का? चौकशीला आलेल्या माणसानं न्हाई कसं म्हणायचं. हो म्हणलं. त्यांनी लगेच गळ्यात स्वयंसेवकाचा बिल्ला अडकवला आणि खुर्च्या उचलायला लावल्या. सतरा-अठरा तारखेला मंगल कार्यालयात टेबलावरच्या लढायांचा मोठा शो आहे म्हणे. तवर मी इथं राहून पुरावा गोळा करतो. तुम्ही आष्टीला कळवून टाकायला हरकत न्हाई.

तुमचा मेव्हणा,
तातेराव

---

कुंभार पिंपळगाव,
६ जानेवारी

तातेराव,

मी सांगून राह्यलो, तुझी अक्का बायना लिहून घेऊन राह्यली.

पत्र ऐकलं. मी तुला खोट काढायला पाठवलं आणि तू त्या पोराची आरती लिहून पाठवली. म्हणे कामावरून सुटला की व्यापाऱ्याच्या माडीवर भजनाला बसतो. म्हणे चांगल्या घरची माणसं टाळ्या वाजवतात. भजन वाईट न्हाई, पण भजनाच्या कारणावरून मी पोराला न्हाई कसं म्हणू? त्रिंबकरावांची आष्टीत आडत आहे, चार गावांत शब्द आहे, सोमेश्वर एकुलता. असं स्थळ सोडलं तर लोक म्हणतील अप्पारावला सोयरीक करता येत न्हाई. नीट बघ. विडी, तंबाखू, दारू, कर्ज, काहीतरी असंलच. माणूस आहे.

अप्पाराव

ता.क. तात्या, हे माझं. ह्यांना डॉक्टरनं महिनाभर वाचायला मना केलंय, म्हणून पत्र माझ्याच हातात येतं. मी फाशांच्या जागी भजन वाचलं. टाळ्या तुझ्याच आहेत. तो सोमेश्वर मी पाहिलाय, बापाच्या तोंडाकडं बघितल्याशिवाय चहात साखर घालत न्हाई. माझी पोर तिथं द्यायची न्हाई म्हणजे न्हाई. तू दिसंल ते लिहीत जा, वाचायचं काय ते माझ्यावर सोड. आणि खुर्च्या उचलू नको, तुझी कंबर ठिकाणावर न्हाई.

तुझी अक्का

---

जालना,
११ जानेवारी

दाजी,

अक्का, हे जसं आहे तसं वाच. मी भजनाचं एक अक्षर लिहिलेलं न्हाई.

जुगाराची अजून पक्की खात्री न्हाई. फासा पडला की पैसे जात न्हाई, माणसं जातात. दोघं जण आपापलं सैन्य घेऊन समोरासमोर बसतात, टेपनं मोजून पुढं सरकवतात, तोफ डागायची म्हणजे फासा टाकायचा, आणि आकडा चांगला पडला की समोरच्याचे तेवढे सैनिक मेले, उचलून डब्यात. शोमधलं मोठं टेबल असईच्या लढाईचं आहे. आपल्याच जिल्ह्यातली, जाफराबादकडची असई, जिथं मराठे आणि इंग्रज भिडले. केळणा नदी निळ्या पुठ्ठ्याची केली आहे, झकास.

परवा श्रेणिकशेठ म्हणले, काका, सैन्य मांडून ठेवा. आता मांडणीतलं मला कोण सांगणार? आपल्या भागात माझ्याशिवाय लग्नाची पंगत उठत न्हाई का बसत न्हाई. मी दोन्ही सैन्यं पंगतीसारखी समोरासमोर बसवली, मधून वाढप्याला वाट ठेवली, सेनापतींना वरच्या अंगाला वेगळं बसवलं. सगळे हसले. सुग्रीव हसला न्हाई. त्यानं विचारलं, काका, तोफा कुठं? मी म्हणलं, मागं, आचाऱ्यापाशी. तो म्हणला, तिथून आपल्याच माणसांना लागतील. आणि एकेक सैनिक माझ्या हातात देऊन सगळं परत मांडायला लावलं. ह्याला मी उर्मटपणा म्हणतो. तसं लिहून ठेवा.

दुसरी खोट याहून मोठी. इंग्रज व्हायला कुणी तयार न्हाई. चिठ्ठ्या टाकल्या तर ज्याचं नाव निघालं त्याची सासू तातडीनं आजारी पडली. शेवटी सुग्रीव म्हणला, मी होतो, कुणीतरी इंग्रज झाल्याशिवाय लढाई कशी होईल. दाजी, पोरगं स्वतःच्या तोंडानं इंग्रज झालं. आणि मराठ्यांचे सेनापती कोण, तर आपले आष्टीचे त्रिंबकराव. उद्घाटनही तेच करणार. त्यांचा फोटो बॅनरवर आहे, खाली सोमेश्वरचा, त्याखाली लहान अक्षरात असई.

बिल्ला घालणारे स्वयंसेवक ढीगभर झाले, टेबल उचलणारे तिघं. त्यात मी एक. काल मला एक सैनिक रंगवायला दिला. पागोट्याला लाल लावता लावता चहा गार झाला, मला कळलंच न्हाई. हे सगळं पुराव्यासाठी करून राह्यलो.

तातेराव

---

कुंभार पिंपळगाव,
१३ जानेवारी

तातेराव,

तू मला जितं ठेवायचं ठरवलंय का मारायचं? तुझी मांडणी चुकली, सगळे हसले, तर त्या एकट्यानं तुझी लाज राखली आणि हातानं मदत केली. दुसऱ्या कुणाला इंग्रजी येईना तेव्हा हा उभा राह्यला. ऐकून ऐकून मलाच पोरगं आवडायला लागलं. काल रात्री जेवताना मी बायनाला म्हणलं, भजनी आहे, इंग्रजी बोलतो, वडीलधाऱ्याला धरून आहे, असं पोरगं आजकाल मिळतं कुठं? मंग माझा मलाच राग आला.

त्रिंबकराव सोमवारी सुपारी फोडायला येऊन राह्यले. मी हो म्हणून बसलोय. शनिवारी ते तिथं आहेत, तू त्यांच्या पुढं पुढं कर, पाणी दे, खुर्ची दे. आणि सोमवारच्या आत एक तरी खोट पाठव. छोटी चालंल.

अप्पाराव

ता.क. तात्या, सोमवारची सुपारी मोडायची आहे. तू आता चांगलं लिहिलंस तर मला बिलकुल बदलायला लागणार न्हाई, माझाही त्रास वाचंल. मोनिका काही बोलत न्हाई, बीएडचं पुस्तक घेऊन बसते. पण मी आई आहे, तिच्या मनातलं मला कळतं.

अक्का

---

जालना,
१७ जानेवारी, शनिवार

दाजी,

घाईत लिहून राह्यलो, अक्षर सांभाळून घ्या. अक्का, आज काही गाळू नको.

सकाळी उद्घाटन. दिवा, नारळ, सत्कार, सत्काराला उत्तर. त्रिंबकरावांनी नारळ टेबलाच्या कडेवरच फोडला. पाणी केळणा नदीत गेलं आणि इंग्रजांचं घोडदळ पुठ्ठ्यासकट भिजलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सत्कार जेवणाच्या वेळेपर्यंत चालले. खऱ्या असईत एवढे सत्कार झाले असते तर दोन्ही सैन्यं कंटाळून घरी गेली असती.

मंग लढाई. त्रिंबकरावांनी पहिलं काय केलं, सगळं सैन्य फोटोसाठी पुढं आणून उभं केलं, आपल्याच तोफांच्या तोंडावर. सुग्रीव म्हणला, काका, तोफा झाकल्या गेल्या. ते म्हणले, फोटो होऊ दे. फोटो झाला, सैन्य तिथंच राह्यलं.

सैनिक मरायला लागले. मेलेला उचलून डब्यात टाकायचा हे माझं काम. मी हात घातला की त्रिंबकराव माझं मनगट धरायचे, म्हणायचे, हा आपल्या आष्टीचा आहे, राहू दे. मी डब्यात टाकले की सोमेश्वर डब्यातून काढायचा आणि गुपचूप टेबलावर ठेवायचा. सगळ्यांनी बघितलं, कुणी बोललं न्हाई. मीही न्हाई. सोमवारचे तुमचे व्याही, मी काय बोलू.

सुग्रीव बोलला. आवाज चढवून न्हाई. म्हणला, काका, हा मेला. आणि उचलला. थोड्या वेळानं, काका, हाही मेलाय. परत उचलला. गर्दीतून कुणी ओरडलं, ए इंग्रज, बस खाली. श्रेणिकशेठ घाम पुसत त्याच्या कानाशी आले, म्हणले, हरून जा बाबा, पुढच्या वर्षी पण शो करायचाय. दाजी, सुग्रीव काय म्हणला ऐका. शेठ, मी हरायला तयार आहे, पण मेलेल्यांच्या हातून न्हाई.

शेवटी त्रिंबकराव उठले. पुढच्या वर्षीपासून इंग्रजांना बोलवायचं न्हाई म्हणले आणि गाडीत बसून गेले.

मी तुम्हाला खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. आयुष्यभर पंगती बसवल्या. वरच्या पाटावरचा माणूस ताटाखाली लाडू लपवताना दिसला, पण अहो, हे काय, असं म्हणायची माझी छाती झाली न्हाई. खालच्या टोकाला लाडू पुरले न्हाई की मी वाढप्यावर ओरडायचो. ह्या पोरानं भर सभेत म्हणून दाखवलं. दाजी, मोनिका ह्या घरात द्या. खोट काढली ती सगळी मागं घेतो.

तातेराव

---

कुंभार पिंपळगाव,
१७ जानेवारी

तातेराव,

हे मी माझ्या हातानं लिहून राह्यलो. बाजारातून तयार चष्मा आणला. गूळ शोधायला फडताळ उघडलं तर तुझी दोन्ही पत्रं सापडली. भजन कुठंच न्हाई. फासे आहेत, पोलीस आहेत, उर्मटपणा आहे, आणि इंग्रजी न्हाई, इंग्रज आहे. बायना म्हणते डोळ्यातल्या औषधानं तुम्हाला तसं दिसून राह्यलं.

संध्याकाळी त्रिंबकरावांचा फोन आल्ता. त्या पोरानं सगळ्यांसमोर त्यांची माणसं मारली म्हणे. उद्या मी येतो. मोनिकाला पण आणतो, जुगारी कसा असतो ते तिला तिच्या डोळ्यांनी बघू दे. सोमवारी आष्टीची सुपारी.

अप्पाराव

---

जालना,
१८ जानेवारी, रविवार

अक्का,

दाजींचं पत्र आणि दाजी एकाच टेम्पोतून उतरले. पत्र त्यांनीच माझ्या हातात दिलं आणि म्हणले, आधी वाच, मंग बोलू. मी मंगल कार्यालयाच्या दारात उभा राहून वाचलं, ते समोर. मोनिका बाजूला, पायातली चप्पल बघत.

आजच्या पेपरात फोटोसकट आलंय, त्रिंबकरावांच्या नेतृत्वाखाली असईत दणदणीत विजय. दाजींनी नवा चष्मा लावून ते वाचलं आणि मला म्हणले, जिंकले तर मंग फोनवर रडले कशाला? मी काल काय झालं ते सगळं सांगितलं. दाजींनी चष्मा काढून पुसला.

सुग्रीव टेबलापाशी मोडलेल्या भाल्याला डिंक लावत होता. दाजींनी सगळ्यांदेखत सुरू केलं. जुगार? न्हाई. दारू? न्हाई. तंबाखू? होती, सोडली. कर्ज? गाडीचा हप्ता आहे. मंग दाजींनी हळूच विचारलं, भजन? भजन न्हाई येत, म्हणला. अक्का, दाजींचा चेहरा पडला. त्यांना ते भजन मनापासून आवडलं होतं.

मंग सुग्रीव म्हणला, काका, अजून काय विचारायचं ते विचारा, मी सांगतो. हे मामा माझी चौकशी करायला आलेत हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आमच्याकडचेही दोघं जण बैल बघायच्या नावाखाली तुमच्या गावात येऊन गेले. इकडची माणसं तिकडं, तिकडची इकडं, सगळे सगळ्यांना विचारून राह्यले. पण ह्यांना कुणी विचारलं का? आणि मोनिकाकडं बघितलं.

मी गळ्यातला बिल्ला सरळ केला. दाजी म्हणले, तिला काय विचारायचं, तिची आई आहे ना घरी. तेव्हा मोनिका म्हणली, बाबा, आईनंही विचारलं न्हाई.

हे तुला लागंल म्हणून गाळणार होतो. पण गाळणं मला तुझ्यासारखं जमत न्हाई.

मंग ती म्हणली, मला ह्यांच्याशी बोलायचंय, तुमच्यापैकी कुणी नसताना. पसंत आहे का न्हाई ते त्याच्यानंतर सांगते. चपलेवरची नजर वर करून म्हणली. जेवणाची सुट्टी झालेली, असईचं टेबल रिकामं. दोघं दोन बाजूंना बसले, मधी केळणा. लोकांना वास लागला, एकेक जण ताट हातात घेऊन बघायला येऊन राह्यला. तेव्हा दाजी स्वतः पुढं गेले आणि टेबलाकडं पाठ करून, दोन्ही हात आडवे धरून उभे राह्यले. मीच डोकवायला गेलो तर मलाच अडवलं. मी म्हणलं, दाजी, मी स्वयंसेवक आहे, बिल्ला बघा. ते म्हणले, असशील. पोरीचा डाव चालू आहे, थांब.

बराच वेळ बोलले. कशाचं बोलले ते मला ठाऊक न्हाई, आणि दाजींनी एकदाही मागं वळून बघितलं न्हाई. मोनिका आली आणि म्हणली, बाबा, मला पसंत आहे, पण बीएडची परीक्षा झाल्यावर. दाजी म्हणले, बरं. एवढंच म्हणले, आणि बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

आष्टीला निरोप द्यायचं काम माझ्यावर टाकलंय, म्हणून मी आणखी थोडे दिवस इथंच थांबतो. श्रेणिकशेठना पुढच्या शोसाठी सैनिक रंगवायला माणूस पाहिजेच आहे.

तात्या

---

कुंभार पिंपळगाव,
२१ जानेवारी

तात्या,

गाळलं न्हाईस ते बरं केलं. वाचून मी कितीतरी वेळ चुलीपाशी बसून राह्यले. तुझ्या पत्रात मी भजन वाचलं, इंग्रजी वाचली, पोरीच्या मनातलं पण माझं मीच वाचलं. पोर शेजारच्या खोलीत होती. उठून विचारावं हे मला सुचलं न्हाई. रात्री तिच्याजवळ जाऊन बसले, तर ती हसली आणि म्हणली, आता झालं ना आई, झोप.

हे जालन्याहून आले. तेव्हापासून आष्टीचं नाव न्हाई, त्रिंबकरावांचं न्हाई. सोमवारी दिवस मावळताना मी म्हशीची धार काढून राह्यल्ते तर गोठ्यात येऊन उभे राह्यले. म्हणले, बायना, आपल्या लग्नाच्या वेळी तुला कुणी विचारलं होतं का?

मी म्हणलं, न्हाई. बापानं सुपारी फोडली आणि मला शेतातून बोलावून आणलं.

थोडा वेळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राह्यले. मंग म्हणले, आणि विचारलं असतं, तर काय म्हणली असतीस?

मी म्हणलं, धार होऊ द्या, मंग सांगते.

धार झाली, दूध तापलं, जेवणं झाली. काल दिवसभर माझ्या मागं मागं हिंडले, नळावरून पाण्याची घागर आणली. आज सकाळी चहा त्यांनी केला, साखर जास्त पडली. कप हातात देऊन तिथंच बसले, माझ्या तोंडाकडं बघत.

तात्या, एवढी वर्षं झाली, मला पहिल्यांदा कुणी काही विचारलंय. मी अजून सांगितलेलं न्हाई.

अक्का